ग्लिसरीनचा हुक्का: दहा दिवसांचा हिशेब

पावसाळा संपेपर्यंत नवीन काही घेणार नाही, असं मागच्या नोंदीत ठासून लिहिलं होतं. मग म्हापशाच्या मित्राने आपला ग्लिसरीनवाला हुक्का दहा दिवस वापरायला दिला आणि माझा निश्चय डळमळला. बाजारात तसाच साडेचार हजारांना मिळतोय.

खाली नेहमीचं पाण्याचं भांडं आणि वर काचेची सुटी मान. या मानेत गुंडाळी केलेली नळी आहे, नळीभोवती निळं ग्लिसरीन बंद केलेलं. मान फ्रीजरमध्ये ठेवायची, गार झाली की बसवायची.

पहिला दिवस फ्रीजरमध्ये जागा करण्यातच गेला. आईने बजावलं, "माझ्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) डब्याला हात लावायचा नाही, आणि ही काच फुटली तर तूच वेच." मान बांगड्यांच्या पिशवीशेजारी गेली. दुसऱ्या संध्याकाळी पुदिन्याचा पहिलाच झुरका बांगड्याच्या वासाचा! तेव्हापासून दोन्ही तोंडांना बुचं आणि वर घट्ट पिशवी.

'गोठवायचा' हुक्का म्हणतात, पण घरच्या फ्रीजरमध्ये हे ग्लिसरीन गोठत नाही. शुद्ध ग्लिसरीनचा गोठणबिंदू सुमारे १८ अंश, तरी ते स्फटिक व्हायला कुरकुरतं, नुसतं दाट होत जातं. पाणी मिसळलं की गोठणबिंदू आणखी उतरतो. वजनाने दोन भाग ग्लिसरीन, एक भाग पाणी घेतलं तर उणे ४६ अंशांच्या आसपास. काच वाचते ती यामुळेच. नुसतं पाणी भरलं असतं तर बर्फ होताना ते ९ टक्के फुगून मानेचे तुकडे झाले असते.

पण गोठत नाही म्हणजे वितळतही नाही, आणि बर्फाची खरी ताकद वितळण्यातच असते. फ्रीजरच्या उणे १८ पासून ३० अंशांपर्यंत येताना १०० ग्रॅम ग्लिसरीन साधारण ११ किलोज्यूल उष्णता शोषतं. तेवढाच बर्फ वितळून त्याच तापमानाला येईपर्यंत ५० च्या जवळपास. हा आकडा काढल्यावर माझा उत्साह निम्मा झाला.

तरी मनात आलं, धुराला गार करायला लागतंच किती? अर्ध्या लिटरचा झुरका २० अंशांनी उतरवायला जेमतेम १२ ज्यूल. शंभर झुरके ओढले तरी सव्वा किलोज्यूल. मग मान पंचवीस मिनिटांत कोमट का होते?

उत्तर टेबलावर साचलेल्या थारोळ्यात होतं. किचनच्या काट्यावर कोरडा नॅपकिन तोलला, मानेवरचं दव टिपलं, पुन्हा तोलला: ६ ग्रॅम. हवेतली वाफ पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे २.४ किलोज्यूल सोडते. म्हणजे १४ किलोज्यूलहून जास्त गारवा गोव्याच्या पावसाळी हवेनेच खाल्ला, धुराच्या वाट्याला चिमूटभर! कोरड्या गावातल्या लोकांचे अनुभव वाचून ही वस्तू घेऊ नका, एवढं तरी या नोंदीतून घ्या.

सहाव्या दिवशी मानेवर फुटबॉलचा जुना मोजा चढवला. दिसायला ध्यान, पण पंचवीसची चाळीस मिनिटं झाली.

आता चव. पहिली दहा मिनिटं खरंच सुंदर; पुदिना असा लागतो की डोळे मिटावेत. पान-रास या फ्लेवरला मात्र गारवा मानवला नाही, गोडवा दबला. माझ्या जुन्या हुक्क्यात भांड्याच्या पाण्यात बर्फाचे सहा-सात खडे टाकले तर ती धार येत नाही, पण तासभर एकसारखं चालतं. साफसफाईत तर ग्लिसरीनवाला साफ हरला. फ्लेवरमध्येही ग्लिसरीन असतंच, त्याची वाफ गार नळीत चिकट होऊन बसते आणि गुंडाळीत ब्रश वळत नाही. कोमट पाणी घालून हलवत बसायचं, तेही मान घरच्या तापमानाला आल्यावर. फ्रीजरमधून काढून लगेच ओतलं तर काच तडकेल.

आठव्या दिवशी पावसामुळे खिडक्या लावून बसलो आणि अर्ध्या तासात डोकं दुखायला लागलं. कोळसा विझवला, खिडक्या उघडल्या. गार धूर घशाला टोचत नाही, म्हणून झुरका नकळत मोठा होतो. निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साईड मात्र गार झाल्याने कमी होत नाही. माझा फ्लेवर बिनतंबाखूचा, पण कोळसा तोच. त्या दिवसानंतर मान कोपऱ्यात आणि मी बाल्कनीत.

साडेचार हजार देणार नाही. नुसती मान सुटी मिळाली आणि माझ्या भांड्याला बसली, तर हजारापर्यंत विचार करीन, तोही डिसेंबरात. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायचंच आहे, तेव्हा हुक्का मित्राला परत. फ्रीजरमधल्या रिकाम्या जागेत बर्फाचे दोन जादा ट्रे ठेवू का, असं आईला विचारलंय. एकाला होकार मिळाला.