घागरी, टाकळा आणि ग्रासकटर: ऑक्टोबरअखेरची नोंद

व्हाळाकाठची (ओढ्याकाठची) घागरी, म्हणजे खुळखुळणाऱ्या शेंगांचं रानझुडूप, फुलली की कळवतो, असं मागे लिहिलं होतं. फुलली, पण अर्धीच. उरलेली चवथीच्या आधी रस्ता साफ करताना ग्रासकटरखाली गेली. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेची ही सहाशे पावलांची वाट. दर रविवारी सकाळी तीच चालतो नि तिथे दिसतील तेवढीच फुलपाखरं मोजतो.

ब्लू टायगर दुसऱ्या आठवड्यात आले. डार्क ब्लू टायगर त्यांच्या मागोमाग, त्यांच्याबरोबर कॉमन क्रो. फुलांवर फारसं कोणी नव्हतंच. सगळी गर्दी ग्रासकटरने तोडून टाकलेल्या, सुकत चाललेल्या फांद्यांवर! एका शेंगेवर तीन नर, पायांनी साल खरवडतात, सोंडेने ओलं करून परत शोषतात. घागरीतली ही विषारी अल्कलॉइडं त्यांना मादीला भुलवणारा गंध तयार करायला लागतात, शिवाय पक्ष्यांपासून संरक्षणही मिळतं. एवढे गुंग होते की मोबाइल वीतभर अंतरावर नेला तरी हलले नाहीत. त्यातल्या एका क्रोच्या पुढच्या पंखावर दोन पट्टे दिसले, म्हणजे डबल ब्रँडेड क्रो, वेगळी जात. कॉमन क्रोच्या नराला एकच असतो. घाईत मी आजवर किती चुकीचे मोजले असतील कोण जाणे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: ही फुलपाखरं एप्रिल ते जूनमध्ये, घाटात मुसळधार सुरू होण्याआधी, पूर्वेच्या कोरड्या मैदानांकडे जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परततात. त्यामुळे पावसाचं वेळापत्रक हललं की आपल्या वहीचंही हलतं. 2023 मध्ये मान्सून केरळात 8 जूनला पोचला, 2025 मध्ये 24 मेलाच. मे महिन्याचे माझे शेवटचे दोन रविवार पाण्यात गेले. वहीत त्या दोन पानांवर फक्त 'पाऊस' लिहिलंय. ते शून्य मानू नका, रिकामं माना.

पाऊस आपल्या हातात नाही, पण वरचा डोंगर आहे. तिथलं झुडपी रान जाऊन काजू आला. सॅटेलाइट नकाशावर सगळं हिरवंगार. खाली मात्र बोंडू (काजूची फळं) वेचायला सोपं जावं म्हणून दर हंगामाआधी झाडून-जाळून लख्ख करतात. ब्लू टायगरची मादी जिच्यावर अंडी घालते ती हिरणदोडीची वेल अशा ठिकाणी टिकत नाही. बांधावर रानमोडीचं तण माजलंय, त्याच्या फुलांवर थंडीत नरांची झुंबड उडते. म्हणजे जेवणावळ आहे, बाळंतिणीची खोली नाही. बोंडला आहे ना, असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. जेमतेम 8 चौरस किलोमीटरचं अभयारण्य ते, आणि फुलपाखरं काही तिथून मोलेच्या जंगलात टॅक्सी करून जात नाहीत. मधले बांध, व्हाळ, पडीक भाटं (बागायती) हीच त्यांची वाट.

घरची आघाडी: परसातल्या टाकळ्यावर मॉटल्ड इमिग्रंट फुलपाखराचे सुरवंट होते. आईला कोवळा पाला भाजीला हवा. शेवटी विहिरीकडचा तिचा, गोठ्याकडचा सुरवंटांचा असं ठरलं. कुंपणावर लावलेली हिरणदोडी मात्र शेजारच्या माईंनी उपटली. "रान माजलेलं रे बाबू, तुझंच काम हलकं केलं," म्हणाल्या. काय बोलणार!

ओळख पटवायला फोटो पाठवाल तेव्हा मिटलेल्या पंखांचाही पाठवा. ब्लू टायगरचे निळसर पट्टे रुंद नि फिके, डार्क ब्लूचे अरुंद. फक्त वरून काढलेल्या धूसर फोटोवर मी यापुढे नाव सांगणार नाही.

उरलेल्या घागरीला मी लाल फडकं बांधलं, कापणाऱ्याला लांबून दिसावं म्हणून. परवा तो मशीन बंद करून विचारू लागला, "देवचाराचं काय?" देवचार म्हणजे आमच्याकडचा राखणदार. मी नाही म्हटलं नाही. चांगलं दोन हात लांबून कापून गेला.