नऊ मासे आणि आबांची झोप

मी शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं एक गिऱ्हाईक आमच्या मालकांचं लाडकं. दर काही आठवड्यांनी मुलगा येणार, दोन-तीन गोल्डफिश घेऊन जाणार. घासाघीस नाही, तक्रार नाही. मासे मेले तरी घरात कुणाला वाईट वाटत नसे, कारण आजींचा हिशोब ठरलेला: घरावरची इडापिडा मासा घेऊन गेला. आठ लाल, एक काळा, असे नऊ मासे वास्तूसाठी हवेतच. एक कमी झाला की भरून टाकायचा. असं गिऱ्हाईक मिळालं तर दुकानदार कशाला विचारतोय मासे मरतात कशाने?

शेवटी मुलानेच विचारलं, "फिल्टर बदलू का? मोठा घेऊ?" मालकांनी लगेच बाहेरून लावायचा कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर, काढला. मी म्हटलं, आधी टाकी बघून येतो.

टाकी दीड फुटी. दीड बाय एक बाय एक, म्हणजे काठोकाठ भरली तर ४२ लिटर, खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर पस्तीसच्या आसपास. त्यात नऊ गोल्डफिश! गोल्डफिश खातो खूप आणि घाण त्याहून जास्त करतो, एकालाच ही टाकी अपुरी. पण आमच्या धंद्यात हे गिऱ्हाइकाला सांगायची पद्धत नाही. मी गेलो तेव्हा तीन उरले होते आणि तिन्ही वर येऊन तोंड उघडझाप करत होते.

फिल्टर काचेला मागून अडकवायचा, ऑनलाइन मागवलेला. खोक्यावर ताशी ८०० लिटर लिहिलेलं. छोट्या टाकीला तासाला पाणी चार-पाच वेळा फिरलं तरी पुष्कळ, म्हणजे इथे २०० लिटरचं काम. गोल्डफिशसाठी दुप्पट धरा. तेव्हा फिल्टर लहान नव्हताच. तो उघडला आणि आतला स्पंज हातात घेतला. पांढराशुभ्र, दुकानातून आत्ताच आणल्यासारखा. सूनबाई कौतुकाने म्हणाल्या, "दर रविवारी नळाखाली साबणाने धुते."

लोक फिल्टरला गाळणी समजतात. गाळणं हे त्याचं अर्धंच काम. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिले दोन माशांना विष, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्यांना मारतं, साबणाचं तर सोडाच. वर मासा आजारी दिसला की हे लोक कुणाच्या तरी सल्ल्याने निळं औषध टाकत होते, तेही या जिवाणूंच्या मुळावर येणारं. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने पिळून. अमोनियाची चाचणी केली. पिवळा रंग राहिला तर ठीक, इथे नळीतलं पाणी हिरवंगार झालं.

एवढ्यावर मी निघालोही असतो. पण मुलगा म्हणाला, मरतात ते पहाटेच, आणि मोठे आधी. अमोनिया काही घड्याळ बघून मारत नाही. मोठे आधी जाणं म्हणजे बहुतेक ऑक्सिजन कमी पडणं. रात्री फिल्टर बंद होतो का, विचारलं तर सगळे नाही म्हणाले.

टाकी सोप्यात. बाजूला आबांची कॉट, आणि प्लग कॉटच्या उशाशी. मी आबांकडे बघितलं. आबा आढ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "रात्रभर उशाशी कुणीतरी चूळ भरतंय असं वाटतंय. झोप लागंना. मग करतो बंद. सकाळी चहाच्या आधी लावतो की परत!"

आबांचं काही चुकीचं नव्हतं. पाणी उडून टाकीची पातळी चार बोटं खाली गेलेली, त्यामुळे फिल्टरचं पाणी उंचावरून पडून आवाज करत होतं. रात्रभर बंद राहिला की फिल्टरच्या डब्यातल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि धुण्यातून वाचलेले जिवाणूही जातात. कॅनिस्टरचा डबा तर पूर्ण बंद, त्याचं याहून वाईट झालं असतं.

मी सुचवला साधा स्पंज फिल्टर, हवेच्या पंपावर चालणारा. पंप घरघरतो, म्हणून तो आतल्या खोलीत फळीवर ठेवला आणि बारीक नळी दाराच्या चौकटीवरून सोप्यात आणली. मध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व, नाहीतर लाईट गेली की टाकीतलं पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. हवा कमी करून बुडबुडे इतके मंद केले की आबा कान लावून ऐकत बसले. पावसाळ्यासाठी बॅटरीवरचा पंपही घ्या म्हटलं. २०१९ आणि २०२१च्या महापुरात कित्येक भागांत लाईट नव्हती आणि शहरातले नळ कोरडे, तेव्हा पाणी बदलून मासे वाचवायची सोयही नव्हती.

नव्या स्पंजबरोबर दुकानातल्या चालू टाकीतला एक जुना स्पंजही पाण्यातच बुडवून नेला होता. तपकिरी, बुळबुळीत. आजी म्हणाल्या, "हे घाणेरडं कुठनं आणलंस रे बाबा?" त्यात काय राहतं ते समजावल्यावरही त्यांचा चेहरा काही बदलला नाही.

उरलेले तीन गोल्डफिश मी दुकानातल्या मोठ्या टाकीत सोडले. नवाचा आकडा मात्र आजी सोडायला तयार नव्हत्या. म्हणून टाकी सावरल्यावर, चाचणी पिवळी यायला लागल्यावर, थोडे थोडे करून आठ लाल प्लॅटी आणि एक काळी मॉली दिली, गोल्डफिशपेक्षा लहान जातीचे मासे. खालचा मागचा पर टोकदार असतो तो नर. नऊही नर निवडून दिले, नाहीतर दोन महिन्यांत पिल्लांनी टाकी भरली असती. मॉली मोठी झाली की जागा कमी पडेल, ते तेव्हा बघू.

कॅनिस्टरचं गिऱ्हाईक स्पंजवर आणलं म्हणून मालक दोन दिवस बोलले नाहीत. त्यांचाही दोष किती म्हणायचा? चालू पद्धतीत मासा मेला तरच दुकान चालतं. परवा विचारत होते, "मंगळवार पेठेतला तो पोरगा हल्ली दिसत नाही रे, दुसरीकडनं घेतोय काय?" मी बघतो म्हटलं.