आईच्या मते

आज संध्याकाळी पंधरा मिनिटांचा गजर लावून स्वतःचे वर्णन लिहायला बसले आणि पहिल्याच प्रश्नावर अडले. एसएसबीच्या, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मानसशास्त्रीय चाचण्यांत हा भाग सर्वांत शेवटी येतो. त्याआधीच्या १२ चित्रांवरच्या कथा, दर १५ सेकंदांना समोर येणारे ६० शब्द आणि अर्ध्या तासात उरकायचे ६० प्रसंग यांचा सराव मी इतका केला आहे की हल्ली भाजी निवडतानाही माझी वाक्ये तयार होतात. ‘तुमच्याविषयी आईवडिलांचे मत काय?’ हा प्रश्न मात्र सोपा समजून मी मागे ठेवला होता.

म्हणून आईलाच विचारले. ती इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, “तू सांगितलेलं सगळं ऐकतेस. कधी उलट बोलली नाहीस.”

हे तिने कौतुकाने म्हटले, हे मला कळते. तरी तेव्हापासून ते वाक्य पायातल्या काट्यासारखे सलते आहे. तीन वर्षे एनसीसीत मी काय केले, तर ऐकले. सावधान म्हटले की सावधान, विश्राम म्हटले की विश्राम. एनसीसीच्या सर्वांत वरच्या, सी सर्टिफिकेटला ए ग्रेड मिळाली, तीही बहुधा नीट ऐकल्याबद्दलच असावी. त्या सर्टिफिकेटमुळे लेखी परीक्षा टळते आणि अर्ज छाननीत टिकला तर थेट एसएसबीचे बोलावणे येते. पण तिथे बसलेल्या मंडळींना ऐकणारी मुलगी नको असते, जिचे इतरांनी ऐकावे अशी हवी असते.

माझे इतरांनी एकदाच ऐकले. शिबिरात दहा मिनिटांसाठी स्क्वॉड माझ्या हाती दिला होता. तेज चल दिले, सगळ्या छान निघाल्या, आणि त्यांची पावले जुळलेली पाहण्यात मी अशी रमले की थम, म्हणजे थांबण्याचा हुकूम, द्यायचे राहूनच गेले. मैदान संपले. पुढच्या रांगेतल्या मुली मेंदीच्या कुंपणाला नाक लागेपर्यंत गेल्या आणि तिथे आपणहून जागच्या जागी कदमताल करू लागल्या. कुणी मागे वळून पाहिले नाही. तेव्हा मला हसू आले होते. आज वाटते, त्या माझ्याहून बऱ्या, निदान कुंपण दिसल्यावर त्यांनी स्वतःचे काहीतरी ठरवले.

एसएसबीच्या माहितीच्या फॉर्ममध्ये भूषवलेल्या पदांचा रकाना असतो. मी सार्जंटच्या पुढे गेले नाही. त्यावरच्या पदासाठी अंडर ऑफिसर निवडताना एनसीसीच्या मॅडमनी विचारले होते आणि मी दुसऱ्या एका मुलीकडे बोट दाखवून म्हटले होते, तिला द्या, ती चांगली आहे. ती चांगली होतीच. पण ते मी मोठ्या मनाने म्हटले की घाबरून, हे आज तीन पाने खरडूनही ठरलेले नाही. त्याच फॉर्मवर वडील हयात नसल्यास त्या वेळचे आपले वय विचारलेले असते. तिथे ११ लिहिले आणि पुढे गेले.

रात्री जेवताना स्वतःची समजूत घालून पाहिली की निदान हा अर्ज तरी मी आपल्या मनाने केला. चेन्नईच्या सैनिकी अकादमीतल्या ४९ आठवड्यांच्या प्रशिक्षणाची स्वप्ने तर कुणी सांगून पडत नाहीत. मग आठवले, शेवटच्या तारखेआधी अर्ज भर, असे मॅडमनी दोनदा बजावले होते. इथे मात्र मला हसू फुटले आणि आईने विचारले, काय झाले.

तिला सगळे सांगितले. तू म्हणालीस ते लिहिले तर मला कुणी घेणार नाही, तेव्हा दुसरे काहीतरी सांग, निर्णयक्षम वगैरे. ती क्षणभर विचारात पडली, मग ताटे गोळा करत म्हणाली, “आहे ते आहे. मी म्हटलं तेच लिही.”

पुन्हा गजर लावला. पहिल्या ओळीत तेच लिहिले.