गॅलेक्टिन-१ चं काम आणि फॉर्म बी: माझा अनुभव

माझी पीएचडी गॅलेक्टिन-१ वर. पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात, त्यातल्या गॅलॅक्टोजला धरणारं हे प्रोटीन, आणि थायमस या छातीतल्या ग्रंथीत टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तयार होताना कच्च्यातल्या कुठल्या मरायच्या यात त्याचा हात असतो. विषय रजिस्टर झाला, प्रोटीन आलं, ते सगळं सरळ झालं. अडलं ते प्राण्यांच्या एथिक्स कमिटीत, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

२०१९ च्या मार्चमध्ये फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवर प्रयोग करायच्या परवानगीचा अर्ज, दिला. महिन्याने परत, शेरा एका ओळीचा: उंदरांऐवजी सेल लाइनवर (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींवर) का करत नाही? मी दोन ओळी लिहून दिल्या, पुन्हा परत. प्रश्न रास्त होता, पण नेमकं काय कमी पडतंय हे कुणी बसून सांगायला तयार नाही. जुरकॅट सेल लाइन म्हणजे ल्युकेमियाच्या पेशी, त्या वाढत राहतात पण टप्पे ओलांडत नाहीत आणि मला तर टप्पेच बघायचेत, आधी सीडी४ सीडी८ ही पेशीवरची खुणेची प्रोटीनं दोन्ही नसलेल्या, मग दोन्ही असलेल्या, मग एकच उरलेल्या. शेवटी मी शेंगदाण्याचं उदाहरण दिलं. शेंगदाण्यातलं लेक्टिन (साखरेला धरणारं प्रोटीन) थायमसच्या कच्च्या पेशींना चिकटतं, पिकलेल्यांना जवळपास नाही, कारण पिकताना त्या साखरेच्या टोकाला सायालिक ॲसिड बसून ती झाकली जाते, हे १९७६ पासून माहीत आहे. हे अर्ध्या पानात साध्या भाषेत लिहिलं आणि पुढे एकही शेरा आला नाही. कमिटीत सगळे इम्युनॉलॉजीवाले नसतात, तुम्हीपण तसंच लिहा.

मग मीटिंग ऑगस्टमध्ये लागली आणि महापूर आला. कोल्हापूरजवळ शिरोलीला हायवे पाण्याखाली, पुण्याहून येणारे नॉमिनी (केंद्राच्या समितीने आमच्या कमिटीवर नेमलेले सदस्य) अडकले, आणि ते नसतील तर मीटिंग होतच नाही. इकडे ॲनिमल हाउसमधली उंदरांची पिल्लं मोठी होत होती. मी फॉर्ममध्ये वय ४ ते ६ आठवडे लिहिलेलं, कारण थायमस तेव्हा भरलेला असतो, हृदयाच्या वर दोन पांढरट मऊ पाकळ्या, नंतर आक्रसत जातो. ती बॅच हातची गेली. पुढच्या मीटिंगची तारीख पक्की कळल्याशिवाय ब्रीडिंग लावू नका.

आणि हो, गॅलेक्टिन-१ ऑक्सिडाइझ झालं की काम करत नाही, म्हणून बफरमध्ये डीटीटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) लागतं, पण परिणाम डीटीटीचाच नाही हे दिसायला नुसत्या डीटीटीची ट्यूब वेगळी ठेवाच. लॅक्टोजमध्ये गॅलॅक्टोज असतं, ते गॅलेक्टिनला अडवतं; त्या ट्यूबसोबत सुक्रोजचीही ठेवा, सुक्रोजमध्ये गॅलॅक्टोज नाही त्यामुळे ते गॅलेक्टिनला अडवत नाही. उंदीर किती लागतील त्या तक्त्यात हे कंट्रोल (तुलनेच्या ट्यूब) आधीच दाखवले तर एका थायमसमध्ये सगळ्या ट्यूब भागतात आणि उंदरांचा आकडा कमी होतो. माझा यामुळेच जवळजवळ निम्मा झाला.

परवानगी ऑक्टोबरमध्ये आली. पहिल्याच प्रयोगात गॅलेक्टिन-१ सोबत लॅक्टोज घातलेल्या ट्यूबमधल्या पेशी जगल्या, सुक्रोजमधल्या मेल्या. तो प्लॉट मी त्याच रात्री घरी आईला दाखवला.