तुम्ही विचारलंत म्हणून: आफ्रिका खरंच दुभंगतेय का?

केनियात जमिनीला पडलेल्या मोठ्या भेगेचा व्हिडिओ दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी मला पाठवतं आणि खाली विचारतं, "आफ्रिका खरंच दुभंगतेय का हो?"

दुभंगतेय. पण ती भेग म्हणजे तो पुरावा नव्हे. मार्च २०१८ मध्ये जोरदार पावसानंतर ती उघडी पडली. ज्वालामुखीच्या राखेची भुसभुशीत माती खालून वाहून गेली, हे कारण मला पटतं. खंड फुटतो तो कितीतरी खोल. तिथे डोळे पोचत नाहीत, कान लावावा लागतो.

सप्टेंबर २००५ मध्ये इथिओपियातल्या अफारमध्ये तसा कान लागला. दब्बाहू ज्वालामुखीच्या परिसरात महिन्याभरात ३.९ हून मोठे दीडशेवर भूकंप नोंदले गेले. उपग्रहांच्या मोजणीत सुमारे साठ किलोमीटर लांबीची जमीन फाकलेली दिसली, काही ठिकाणी तर आठ मीटर! एरवी तिथले भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, वर्षाला जेमतेम दोन सेंटिमीटर सरकतात.

त्या सगळ्या भूकंपांची बेरीज केली, तरी एवढ्या फाकण्याचा फार थोडा हिस्सा भरतो. बाकीचं काम शिलारसाने, म्हणजे खोलवरच्या वितळलेल्या खडकाने, जवळजवळ मुक्यानेच केलं. ओंडका नुसता ओढून फुटत नाही, पाचर ठोकावी लागते. इथे पाचर शिलारसाची. पुढे २००६ मध्ये जागेवर बसवलेल्या भूकंपमापकांनी ती पाचर चालताना पकडली: छोट्या धक्क्यांची ठिकाणं तासातासाला एकाच दिशेने पुढे सरकत होती. असा आलेख पाहिला की मी अजूनही हातातलं काम बाजूला ठेवते.

दूरच्या भूकंपांच्या लहरीही कामाला येतात. द्रवातून एस लहर, म्हणजे खडकाला आडवं हलवत जाणारी लहर, जातच नाही आणि अर्धवट वितळलेल्या खडकात ती रेंगाळते. अफारखाली ती रेंगाळते. पृथ्वीच्या कवचाच्या तळाशी लहरींचं रूप बदलतं, त्यावरून कवचाची जाडी कळते: इथिओपियाच्या पठाराखाली चाळीसेक किलोमीटर, उत्तर अफारमध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी.

अशी गोठलेली पाचर बघायची तर धुळे-नंदुरबारकडे जा. रानातून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती गेलेल्या दिसतील. त्या डाइकच, म्हणजे भेगेत शिरून थिजलेला शिलारस.

आणि समुद्र कधी येणार? लाखो वर्षं लागतील. पण उत्तर अफारमधला डॅनाकिलचा खोलगट भाग आजच समुद्रसपाटीच्या शंभर मीटरहून खाली आहे. तांबड्या समुद्राला मधल्या उंच जमिनीने तेवढं थोपवून धरलंय.