कुलूप कुठल्या बाजूला फिरतं: नोंदवहीतली नवी पानं

लातूरच्या भंगारवाल्यांकडून आणि गंजगोलाईच्या गल्ल्यांतून जमवलेली कुलपं आता फळीवर मावेनात. घरचे बोलतात, पण पितळेकडे बघून जरा हळू बोलतात. या पावसाळ्यात नवं कुलूप फारसं घेतलं नाही. आहेत त्यांच्याच चिठ्ठ्या नव्याने लिहायला काढल्या. आता प्रत्येक चिठ्ठीवर तीन गोष्टी असतात: उघडताना चावी प्रदक्षिणेच्या दिशेने फिरते की उलटी, कुलपाची जीभ (चावीने सरकणारी, कुलूप बंद धरणारी पट्टी) चावीच्या वर आहे की खाली, आणि आपण कुठल्या बाजूने बघतोय. 'उजवीकडे फिरवा' असलं काही लिहीत नाही. चावीचा वरचा भाग उजवीकडे जातो तेव्हा खालचा डावीकडे जात असतो, मग उजवीकडे म्हणजे काय?

हे डोक्यात शिरलं ते गोलाईजवळ पेटी मांडून बसणाऱ्या एका चावीवाल्या चाचांमुळे. मी दिशा विचारत होतो, ते कानस घासत होते. शेवटी वैतागून म्हणाले, "चावी कुठं पळती ते काय बघतो बेटा, जीभ कुठं पळती ते बघ की!"

मग जुनं पितळी लिव्हरचं कुलूप मागचे रिबिट कापून उघडलं. आत पातळ पात्यांची चळत, प्रत्येक पातीवर बारीक स्प्रिंग. रॉबर्ट बॅरनने १७७८ मध्ये इंग्लंडात पेटंट घेतलं ते याच युक्तीचं: पाती कमी उचलली तरी अडते, जास्त उचलली तरी अडते. सगळ्या पात्या नेमक्या उंचीला आल्या की चावीचा दात जिभेच्या खाचेत शिरतो आणि तिला सरकवतो. चावी आत जाताना दात खाली असतो. प्रदक्षिणेने फिरवली की तो डावीकडून वर चढतो आणि वरच्या टोकाला डावीकडून उजवीकडे जातो. जीभ चावीच्या वर असेल तर तीही उजवीकडेच सरकणार, दुसरा इलाज नाही. आता कडीकडे बघा. कडीचा एक पाय खिळीवर फिरतो, दुसरा मोकळा सुटतो. मोकळा पाय उजवीकडे असेल तर जीभ त्याच्या खाचेत उजवीकडे घुसून बसलेली असते, म्हणजे उघडायला ती डावीकडे यायला हवी, म्हणजे चावी उलटी. मोकळा पाय डावीकडे असेल तर प्रदक्षिणेने. माझ्याकडच्या लिव्हरच्या कुलपांत चावी घालण्याआधीच आता अंदाज बांधतो. जिथे अंदाज हुकतो तिथे जीभ चावीच्या खाली बसवलेली निघते.

दारालाही हेच लागू. चौकट उजव्या हाताला, जीभ चावीच्या वर: उघडायला चावीचा माथा चौकटीपासून दूर, म्हणजे उलटा फिरवायचा. तेच कुलूप घरात उभं राहून उघडा, चौकट डाव्या हाताला येते आणि चावी प्रदक्षिणेने फिरते. जीभ मात्र दोन्ही वेळा त्याच बाजूला सरकली. अशा दुतर्फा कुलपाची चावी निरखून बघा, दातांच्या पायऱ्या दोन्हीकडून सारख्या असतात, मधोमध आरसा उभा केल्यासारख्या. बाहेरून घातली काय नि आतून घातली काय, प्रत्येक पातीला तीच उंची मिळावी म्हणून. नळीसारख्या पोकळ चावीचं कुलूप आतल्या खिळीवर बसतं, ते एकाच बाजूने उघडतं, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

यंदाची सगळ्यात मजेदार नोंद कपाटाच्या साध्या चौकोनी कुलपाची आहे. हार्डवेअरच्या दुकानात त्याला मल्टिपर्पज लॉक म्हणतात. उजव्या पल्ल्याला लावा, डाव्याला लावा, ड्रॉवरला लावा, तेच कुलूप. सुतारमामांनी मला दोन पल्ल्यांवर बसवून दाखवलं. डाव्या पल्ल्यासाठी त्यांनी ते फक्त अर्धा फेरा फिरवून बसवलं. जीभ आता विरुद्ध दिशेला तोंड करून होती, म्हणून मला वाटलं चावीही विरुद्ध फिरणार. फिरली त्याच दिशेला! कारण साधं आहे. कुलूप त्याच फळीवर कितीही फिरवलं तरी प्रदक्षिणा प्रदक्षिणाच राहते. ती उलटी होते फक्त मागून बघितल्यावर. मात्र अर्धा फेरा दिल्यावर जीभ चावीच्या वरून खाली गेली, म्हणून 'चावीचा माथा चौकटीपासून दूर' हा नियम इथे पडतो. खरा नियम असा: चावीचा जो भाग जिभेच्या जवळ आहे, तो चौकटीपासून दूर गेला पाहिजे. सुतारमामा म्हणाले, "आम्ही दोन्हीकडं फिरवून बघतो, उघडतंय तिकडं उघडतंय." त्यांचंही बरोबर आहे.

काही कुलपं या हिशोबात बसत नाहीत. लिनस येल धाकटा याने १८६१ आणि १८६५ मध्ये पेटंट घेतलेल्या पिनच्या सिलिंडरचं (चावीने बारीक पिना नेमक्या उंचीला उचलल्या तरच फिरणाऱ्या नळकांड्याचं) घराणं आज सगळीकडे आहे. त्यातल्या जाड कडीच्या बऱ्याच कुलपांत जीभ नसतेच, दोन पोलादी गोळ्या कडीच्या खाचांत दाबून धरलेल्या असतात. चावीने गोळ्यांच्या मधला तुकडा फिरला की त्याच्या खोबणीत गोळ्या उतरतात आणि कडी सुटते. तुकडा दोन्हीकडून सारखाच असतो, दिशा ठरते ती आत ठेवलेल्या अडथळ्यामुळे. बहुतेकांत ती प्रदक्षिणेची. पिनची मूळ कल्पना मात्र फार जुनी: प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांत चावी फिरवत नसत, वर उचलत.

आट्यांच्या चावीचं लोखंडी कुलूपही माझ्याकडे आहे. त्यात चावी स्क्रूसारखी प्रदक्षिणेने आत जात राहते आणि हळूहळू खटका ओढून घेते. घाईच्या माणसाने याच्या वाटेला जाऊ नये. ढकलून उघडायच्या कुलपात चावी आतल्या पट्ट्या दाबते नि झालं, चिठ्ठीवर 'फिरत नाही' एवढंच. तिजोरीच्या आकड्यांच्या तबकडीचा सर्वसाधारण क्रम चार वेळा उलटं, तीन वेळा सुलटं, दोन वेळा उलटं आणि मग अडेपर्यंत सुलटं असा असतो. तिथे दिशा हाही आकड्याइतकाच गुपिताचा भाग. आणि बहुतेक मोटरसायकलींना चालू करायला किल्ली प्रदक्षिणेने, हँडल लॉक करायला मात्र ते डावीकडे वळवून, किल्ली दाबून उलटी.

सध्या टेबलावर दुकानाच्या शटरचं मधलं कुलूप आहे. चकतीला दोन पट्ट्या, एक डावीकडे जाणारी, एक उजवीकडे जाणारी. म्हणजे चौकट दोन्हीकडे! बाहेरून पाहताना डावी पट्टी चकतीच्या वरच्या टोकाला जोडलेली असेल तर बंद करताना चकती उलटी फिरते आणि उघडताना प्रदक्षिणेने. पट्ट्यांची अदलाबदल केली की सगळं उलट. यातल्या एका पट्टीचा रिबिट निखळलाय आणि मूळ भोक कुठलं ते गंजामुळे कळत नाही. रॉकेलात बुडवून ठेवलंय, गंज सुटला की चिठ्ठी लिहीन.