तुम्ही विचारलंत म्हणून: स्कॉचची बाटली घेऊन ठेवावी का?

रिटर्न भरायला येणारी माणसं काम संपल्यावर उठता उठता एखादा प्रश्न विचारतात. काही वर्षांपूर्वी तो क्रिप्टोचा असायचा. हल्ली वरचेवर ऐकू येतो तो असा: "ताई, दुर्मीळ स्कॉच घेऊन ठेवली तर दहा वर्षांत पैसे तिप्पट होतात म्हणे. खरंय का?" विचारणारे बहुतेक आमच्या सोलापूरच्या नवी पेठेतले व्यापारी, नाहीतर एमआयडीसीतले टॉवेलवाले. मुलगा किंवा मुलगी लंडनला असली की प्रश्न हमखास येतो. मलाच विचारतात, कारण वाइन शॉप आणि परमिट रूमच्या हिशेबाची कामं आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून आहेत. प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

तर उत्तर आधी. स्कॉचच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या व्हिस्कीच्या, काही बाटल्यांच्या किमती प्रचंड वाढल्या, हे खरं आहे. पण सोलापुरात बसून ती वाढ तुमच्या बँक खात्यात आणायची कायदेशीर वाट नाही. आणि ज्याला घ्यायची वाट सापडते पण विकायची सापडत नाही, त्याने त्याला गुंतवणूक म्हणू नये.

किमतीचं आधी बघू. १८ नोव्हेंबर २०२३ ला लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात मॅकॅलन या स्कॉटिश डिस्टिलरीची (व्हिस्की गाळण्याच्या कारखान्याची) १९२६ ची एक बाटली २१ लाख ८७ हजार ५०० पौंडांना गेली. त्या वेळच्या दराने बावीस कोटींच्या वर. १९२६ साली गाळलेली ही व्हिस्की साठ वर्षं शेरी वाइनच्या एका लाकडी पिंपात होती. ते पिंप क्रमांक २६३. १९८६ ला त्यातून फक्त चाळीस बाटल्या निघाल्या, आणि त्यांतल्या बारांचं लेबल वालेरिओ आदामी या इटालियन चित्रकाराने केलं होतं. विकली गेली ती त्या बारांतली. लिलावाआधी डिस्टिलरीने स्वतः तिचं बूच बदललं आणि लेबलचे सुटलेले कोपरे पुन्हा चिकटवले. म्हणजे पिंप कुठलं, बाटल्या किती, बूच कधी आणि कोणी बदललं, सगळ्याची नोंद आहे. बावीस कोटींत या नोंदीचा वाटा मोठा आहे.

कारण व्हिस्की बाटलीत मुरत नाही. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. ती मुरते लाकडात. बारा वर्षांची व्हिस्की बाटलीत भरून तीस वर्षं कपाटात ठेवली तरी ती बारा वर्षांचीच राहते. वाइनचं वेगळं, आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. तेव्हा काळाबरोबर बाटलीतल्या मालात काही भर पडत नाही. तशा बाटल्या जगात कमी होत जातात, आणि हीच ती आहे असं खात्रीने सांगणारा कोणी असतो, एवढ्यावर किंमत चढते.

कमी कशा होतात, याची गोष्ट मला फार आवडते. १९८० च्या आसपास स्कॉटलंडमध्ये व्हिस्की इतकी साठली होती की १९८३ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीने एकामागून एक डिस्टिलऱ्या बंद केल्या. आयला बेटावरची पोर्ट एलन आणि उत्तरेकडची ब्रोरा त्यातच गेल्या. तेव्हा त्यांचा माल बहुतेक ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या मिश्रणात, मिसळायला जाई. कुणाला त्याचं विशेष कौतुक नव्हतं. पुढे सिंगल मॉल्टची, म्हणजे एकाच डिस्टिलरीच्या न मिसळलेल्या बार्लीच्या व्हिस्कीची, चव लोकांना लागली आणि लक्षात आलं की ती व्हिस्की आता परत बनणार नाही. मग किमती चढल्या. ब्रोरा २०२१ ला आणि पोर्ट एलन २०२४ ला पुन्हा सुरू झाली, पण जुनी पिंपं ती जुनीच. दुर्मीळपणा आला तो असा, ठरवून नव्हे. आज खोक्यावर सोनेरी अक्षरांत 'लिमिटेड एडिशन' छापून जे विकायला येतं ते हजारो लोक जपून ठेवण्यासाठीच घेतात. सगळेच जपणार असतील तर ते दुर्मीळ होणार कसं? अशा बाटल्यांवर माझा विश्वास नाही. बाजारही २०२२ नंतर उतरलाच आहे. नाइट फ्रँक या लंडनच्या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या चैनीच्या वस्तूंच्या निर्देशांकात २०२३ मध्ये दुर्मीळ व्हिस्की नऊ टक्क्यांनी घसरली. तिप्पटचे आकडे सांगणारे त्याच्या आधीची दहा वर्षं दाखवतात.

आता कायदा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला, प्यायलासुद्धा परवाना लागतो, कडक दारूसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं, आणि घरात किती ठेवायची यालाही मर्यादा आहे. विकायची असेल तर विक्रीचा परवाना हवा. दुकानाला एफएल-दोन, परमिट रूमला एफएल-तीन. तुम्ही घरातली एक बाटली मित्राला नफ्यावर दिलीत तरी ती विनापरवाना विक्री. पेपरात हातभट्टीच्या बातमीखाली 'कलम ६५ ई प्रमाणे गुन्हा दाखल' असं वाचता ना? तेच कलम. ते बाटलीची किंमत विचारत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे कलम पुस्तकात पडून राहिलेलं नाही. २०२१ मध्ये तेव्हाच्या ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं आणि मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर जगणाऱ्या कुटुंबांना दुसरा धंदा मिळावा म्हणून यंत्रणा कामाला लावली. त्या कुटुंबांतल्या बायकांनी पोटासाठी केलं तो गुन्हा, आणि आपण दिवाणखान्यातल्या शोकेसमधून केलं तर तो छंद, असं मला तरी म्हणता येणार नाही.

मग लंडनला नेऊन विकू, असं लगेच कोणीतरी म्हणतं. कुरिअरवाले दारू घेत नाहीत. सामानातून न्याल तर ब्रिटनमध्ये कडक दारूची चार लिटरपर्यंत सूट मिळते, पण ती स्वतःसाठी किंवा भेट द्यायला. विकायला नेलीत तर सूट नाही, आणि तसं न सांगणं हा तिथला गुन्हा.

याहून मोठी गोम किमतीतच आहे. सोलापूरच्या दुकानात स्कॉचला तुम्ही जे पैसे मोजता त्यातला फार मोठा भाग कर असतो. केंद्राची आयात जकात वर्षानुवर्षं दीडशे टक्के. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं हे शुल्क तीनशे टक्क्यांवरून दीडशेवर आणलं. फळीवर उभी असलेली तीच बाटली, तोच बॅच, आणि छापील किंमत एकदम खाली. त्या वेळी आमच्या एका दुकानदाराकडे जुन्या दराचा माल पडून होता. स्टॉक रजिस्टर समोर ठेवून जुना दर, नवा दर आणि फरक अशा तीन रकान्यांत आम्ही संध्याकाळपर्यंत आकडे मांडत होतो. 'ठेवून देऊ, वाढेल' म्हणून कुणी ऑक्टोबरात बाटली घेतली असती तर त्याचं काय झालं असतं, ते त्या तिसऱ्या रकान्यात लिहिलेलं होतं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात केंद्राची जकातही दीडशेवरून पंच्याहत्तरवर आणि दहा वर्षांत चाळीसवर आणायचं ठरलं आहे. आपण भरलेला कर लंडनचा लिलाव परत देत नसतो, आणि इथे तर तो कर पुढे कमीच होत जायचा आहे.

मध्यंतरी एक गृहस्थ वडिलांची बाटली टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. वडील आखातात नोकरीला होते, येताना विमानतळावर घेतलेली. बंद, कधीही न उघडलेली. त्यांना किंमत करून हवी होती. मी ती खिडकीतल्या उजेडात धरली. व्हिस्की मानेपर्यंत हवी होती ती खांद्याच्या खाली आली होती. सोलापूरचा मे महिना, पारा चव्वेचाळीसला टेकतो, आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला. इतक्या वर्षांत बुचातून ती उडत राहिली. बाटली आडवी ठेवलेली असल्याने कडक दारूने बूच आतून खाल्लं होतं, आणि सीलच्या पातळ पत्र्याखाली तांबूस ओघळ सुकलेला दिसत होता. वाइन आडवी ठेवतात, व्हिस्की उभी ठेवायची असते. लेबलाची एक कड कसरीने कुरतडली होती. खोकं केव्हाच रद्दीत गेलेलं. लिलाववाले नेमकं हेच बघतात: पातळी, बूच, लेबल, खोकं, पावती. मी त्यांना म्हटलं, "काका, ही विकता येत नाही आणि विकता आली असती तरी हिला भाव नाही. वडिलांची आहे म्हणून ठेवा, नाहीतर घरच्यांबरोबर उघडा." ते थोडे नाराज झाले. पण खोटी आशा लावून पाठवणं मला जमलं नसतं.

आणि खरेखोटेपणा. खरी सोलापुरी चादर आणि बाहेरून आणून शिक्का मारलेली चादर यातला फरक आपल्याला हात लावला की कळतो, कारण आपण त्यातच वाढलो. बाटलीबाबत तसा हात आपल्याकडे नाही, आणि बंद बाटलीत तर जाणकारालाही चव घेता येत नाही. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात एका चिनी लेखकाने १८७८ ची मॅकॅलन म्हणून एका घोटाला ९,९९९ फ्रँक मोजले. तपासणीत ती १९७० च्या दशकातली, साधी ब्लेंड निघाली. हॉटेलने पैसे परत केले. वय कळतं ते कार्बनवरून: १९५० नंतरच्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला, तो बार्लीत उतरला आणि बार्लीतून व्हिस्कीत. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या प्रयोगशाळेने अशा पंचावन्न दुर्मीळ बाटल्या तपासल्या. एकवीस खोट्या निघाल्या. जिथे ही व्हिस्की बनते त्या देशात ही गत.

आपल्याकडे खोट्याची सुरुवात भंगाराच्या गाडीपासून होते. महागड्या स्कॉचची रिकामी बाटली खोक्यासकट मागणारा भेटला तर ती कशासाठी जाते ते ओळखा. हलकी दारू भरून ती पुन्हा बाजारात येते, आणि उत्पादन शुल्क विभागाच्या छाप्यांत अशी बुचं आणि लेबलं सापडत असतात. रिकामी बाटली टाकताना लेबल खरवडून टाका. एवढं तरी प्रत्येकाने करावं.

बाटलीचा नाद सोडला की लोक पिंपावर येतात. लंडनच्या पत्त्यावरून फोन येतो, गुळगुळीत माहितीपुस्तक येतं, 'पूर्ण पिंप तुमच्या नावावर'. याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण यात लाखांनी रक्कम जाते आणि ती रीतसर बँकेतून पाठवलेली असल्याने सगळं रीतसरच आहे असं वाटतं. पिंपात व्हिस्की मुरते हे खरं. पण स्कॉटलंडमध्ये दरवर्षी साधारण दोन टक्के माल उडून जातो. त्याला तिथे देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूच्या उष्णतेत तिथल्या अमृत डिस्टिलरीवाल्यांना हा वाटा दहा टक्क्यांच्या वर सोसावा लागतो. माल उडतो तशी स्कॉटलंडमध्ये अल्कोहोलची तीव्रताही उतरते, आणि ती चाळीस टक्क्यांच्या खाली गेली की कायद्याने तिला स्कॉच म्हणून विकता येत नाही. म्हणजे जुनं तेवढं महाग, हेही सरसकट खरं नाही. पिंप सरकारमान्य गोदामातच राहतं, तुम्ही ते घरी आणू शकत नाही. शिवाय ब्रिटनच्या वित्तीय नियामकाच्या कक्षेत हा व्यवहार येत नाही. २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं की एकच पिंप अनेकांना विकलं गेलं आणि लोकांचे लाखो पौंड बुडाले. त्यांच्या हातातही सुंदर प्रमाणपत्रं होतीच. मालकी ठरते ती 'डिलिव्हरी ऑर्डर'वर. विकणाऱ्याने गोदामवाल्याला लेखी कळवायचं आणि गोदामवाल्याने आपल्या वहीत तुमचं नाव चढवून तसं तुम्हाला कळवायचं. ते पत्र गोदामवाल्याकडून थेट आलं नसेल तर तुम्ही कागद विकत घेतलाय.

कराचंही सांगून टाकते, ते माझं काम आहे. परदेशातलं पिंप ही परदेशी मालमत्ता. रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ती दाखवावीच लागते, आणि दडवली तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड बसू शकतो. इथे चोरून बाटली विकून नफा झाला तर? बेकायदा व्यवहाराच्या उत्पन्नावरही कर लागतो, आणि गुन्ह्यासाठी केलेला खर्च त्यातून वजा मिळत नाही.

राहिली एक वाट, ती तुमच्या मुलांची. तिकडे राहणारी मुलगी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर तिथल्या लिलावात बाटली घेत असेल आणि तिथेच विकत असेल, तर ते कायदेशीर आहे. तिला एवढं सांगा: पावती आणि खोकं जपायचं, बाटली उभी आणि अंधारात ठेवायची, घेणारा आणि विकणारा दोघांकडूनही लिलाववाले कमिशन कापतात ते धरूनच हिशोब करायचा, आणि पाच-दहा वर्षं ज्याच्यावाचून अडणार नाही तेवढाच पैसा घालायचा. आवड असेल तरच करावं. भाव पडला तर निदान प्यायला चांगली व्हिस्की उरते.

आणि तुम्ही इथून पिंपासाठी पैसे पाठवणार असाल तर बँकेत जाण्याआधी गोदामवाल्याचं ते पत्र मागवा आणि माझ्याकडे घेऊन या. वाचायला फार वेळ लागत नाही, आणि मी त्याची फी घेत नाही.